हलत्या चित्राची कात्रणे

ठाण्याहून भिवंडीकडे निघाले की बाळकुम मागे पडते आणि कशेळीच्या पुलाखाली खाडी लागते. समजा, त्या खाडीत होडीवर उभा राहून एक कोळी पाग, म्हणजे फेकायचे जाळे, टाकतो आहे आणि आपल्याला त्याचे चित्रण करावयाचे आहे. कथा आहे १९५५ सालची. पण त्याच्या पाठीमागे आजच्या उंचच उंच इमारती! त्या काढून तेथे तिवरांची रांग आणि मोकळे आभाळ हवे. कोळी मात्र जसाच्या तसा राहिला पाहिजे.

साधे छायाचित्र असते तर कात्रीने माणूस कापून दुसऱ्या चित्रावर चिकटवला असता. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे असतात. जाळे फेकायला पाच सेकंद लागले तर १२० कात्रणे झाली, आणि कोणत्याही दोहोंची कड सारखी नाही! एखादे कात्रण केसभर चुकले तरी पडद्यावर कड थरथरते. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही. काहीतरी खोटे आहे एवढे बरोबर कळते.

मूकपटांच्या काळात भिंगासमोर काळा पुठ्ठा धरून अर्धी चौकट झाकीत, मग फिल्म उलटी गुंडाळून उरलेल्या अर्ध्या भागात दुसरे चित्रण करीत. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनीही एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करण्याच्या युक्त्या योजल्या होत्या. पुठ्ठ्याची अडचण एवढीच, की तो हलत नाही. नटाने सीमा ओलांडली की त्याचा हात गडप!

हलत्या वस्तूबरोबर हलणारा आकार काढण्याची सोय अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांच्या यंत्राने झाली. त्याचे पेटंट १९१७ चे. चित्रित फिल्म काचेवर पाडायची आणि एकेक चित्र हाताने गिरवायचे. हे यंत्र म्हणजे रोटोस्कोप. ते व्यंगपटांसाठी होते. पण आज संगणकावर कात्रणे काढण्याच्या कामाला स्टुडिओत ‘रोटो’ म्हणतात ते त्याच्याच नावावरून.

आता आपल्या कोळ्याकडे वळू. त्याच्याभोवती एकच रेघ काढून भागत नाही. डोके वेगळे, धड वेगळे, दंड वेगळा, मनगट वेगळे, असे आकार करावे लागतात, कारण प्रत्येकाची चाल निराळी. हात जेथे वळतो तेवढ्या चित्रांत आकार नीट बसवायचा. मधल्या चित्रांतला संगणक जुळवून घेतो. ठेवायचे ते पांढरे, काढायचे ते काळे. पण वेगाने फिरलेला हात चित्रात पुसट येतो. तेथे करडी छटा द्यावी लागते. बरे, त्या पुसट कडेत मागच्या इमारतीचा रंग मिसळलेला असतो, तोही धुऊन काढायचा.

आणि जाळे? ते धागा धागा गिरवणे म्हणजे वेडेपणा. तेथे उजेड-अंधाराच्या फरकावरून संगणकाला धागे निवडायला लावतात. पाठीमागे हिरवा पडदा लावला असता तर हे सोपे झाले असते. पण खाडीवर पडदा ताणणार कोण?

हे काम करणारे पुष्कळ हात मुंबईत आहेत. २०१२ साली ‘स्टार वॉर्स’चा एक जुना भाग त्रिमिती करून पुन्हा लावला, ते रूपांतर प्राइम फोकस या मूळच्या मुंबईच्या कंपनीने केले. त्यासाठीही चित्रातली वस्तू अन् वस्तू आधी अशीच सुटी करावी लागते. मात्र चित्रपटाच्या शेवटी धावणाऱ्या नामावलीत या मुलामुलींची नावे पुष्कळदा नसतात. शिवाय आता कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाची कड स्वतःच ओळखू लागली आहे. विस्कटलेले केस, पाण्याचे तुषार, जाळे यांपाशी ती अजून अडखळते. पण नवशिके ज्या सोप्या कामावर हात बसवीत, तेच ती प्रथम घेऊन जाणार, आणि केसांपर्यंत पोचणारा कारागीर मग शिकणार कोठे, हा प्रश्न मला तरी लहान वाटत नाही.

हो, एक राहिलेच. आभाळ बदलले, तिवरे बसली, कोळी सुखरूप. पण खाडीच्या पाण्यात अजून त्या इमारतींचे प्रतिबिंब हलते आहे. आता पाणी कापायला घ्यावे लागेल.