पोहोचलेला कागद आणि उमगलेला कागद
(शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



बीदर आणि कलबुर्गी या सीमाभागाने सरकारी दफ्तराची भाषा बदललेली पाहिली आहे. निजामी राजवटीत दफ्तर उर्दूत होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले आणि पुढे दफ्तर कन्नडात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण येथील मराठी घरांत आजोबांचा कागद एका लिपीत, नातवाचा दुसऱ्या लिपीत आणि घरची बोली तिसरीच! जाणत्या माणसाकडून कागद वाचून घेणे, हा म्हणूनच येथील जुना रिवाज.

शतक पालटले तेव्हा कागदच पालटला. कर्नाटकाच्या ‘भूमी’ योजनेत सुमारे ६७ लाख खातेदारांचे २ कोटी जमीन-अभिलेख संगणकावर आले. गावच्या लेखापालाच्या मर्जीवर मिळणारा पहाणीचा उतारा तालुका कचेरीच्या खिडकीवर १५ रुपयांत मिळू लागला. लहान शेतकऱ्याचे हेलपाटे वाचले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

कायदाही मागे राहिला नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला लेखी कागदाचे आणि विहित रीतीच्या डिजिटल स्वाक्षरीला हातच्या सहीचे स्थान मिळाले. मात्र त्यातील दोन कलमे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. शासनाने आपला दस्तऐवज इलेक्ट्रॉनिक रूपात स्वीकारलाच पाहिजे, असा हक्क या कायद्याने नागरिकाला मिळत नाही, असे कलम ९ सांगते. कलम १३ प्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर, धाडलेला अभिलेख घेणाऱ्याच्या संगणक-साधनात शिरला की तो मिळाला असे साधारणतः धरले जाते.

खरा प्रश्न येथेच उभा राहतो. कायद्याच्या लेखी पोहोचणे म्हणजे यंत्रात शिरणे. शेतकऱ्याच्या लेखी पोहोचणे म्हणजे उमगणे. या दोहोंमधल्या अंतरात एखादी मुदत टळली, तर जाते ती जमीन.

कन्नड ही राज्यभाषा. ती शिकणे येथील मराठी माणसाच्या हिताचेच आहे. तथापि राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला आहे. महत्त्वाच्या सरकारी सूचना अल्पसंख्याकांच्या भाषेतही काढाव्यात, हे तत्त्व १९५६ च्या संरक्षण-योजनेत मान्य झाले आहे. कागदाच्या काळात दुसऱ्या भाषेतील सूचनेसाठी निराळी छपाई लागे. पडद्यावर कन्नडाखाली चार ओळी मराठी उमटवायला ना शाई लागते, ना कागद. आता उणीव साधनांची नाही, इच्छेची आहे.

ती इच्छा जागी होईपर्यंत ग्रंथालयांना एक काम करता येईल. वाचनकक्षात एक मेज असावे, दोन्ही भाषा जाणणारा एक सभासद असावा, आणि दारी आलेल्या माणसाचा कागद त्याला समजेल अशा शब्दांत वाचून दाखवावा. अक्षर माणसापर्यंत नेणे, हेच ग्रंथालयाचे शंभर वर्षांचे व्रत आहे. सरकारी कागदावरचे अक्षर त्याला अपवाद का असावे?