माळ्यावरच्या तबकड्या

समुद्रालगतच्या गावात एखाद्या माळ्यावर जुन्या तबकड्यांचा गठ्ठा सापडला, तर तो भंगारात देण्याची घाई करू नका. आधी लेबल वाचा. मिनिटाला 78 फेरे घेणारी, जड, पडली की फुटणारी तबकडी बहुधा लाखेची. 45 फेऱ्यांची, सात इंची, किंचित वाकणारी ती व्हिनाइलची. ही 1949 साली अमेरिकेत आली आणि तिथलं सोल संगीत याच छोट्या तबकडीतून घरोघरी पोचलं.

आपल्याकडे 1902 साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं! तासभर रंगणारा राग तेवढ्यात मांडायचा. शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगायची, कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत आणि गाणं कोणाचं, हे तिथल्या कारागिरांना कळायला हवं. ते नाव ऐकताना आजही अंगावर काटा येतो.

असा ठेवा जपण्यासाठी मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था उभी राहिली. सुरेश चांदवणकर यांनी तिच्यासाठी मोठं काम केलं.

घरचा ठेवाही जपायला हवा. समुद्राकाठची खारी, दमट हवा बुरशी आणते. म्हणून तबकड्या कोरड्या जागी, उभ्या ठेवा. लाखेची तबकडी स्पिरिटने कधीच पुसू नका, लाख त्यात विरघळते. चावीच्या ग्रामोफोनवर व्हिनाइल लावू नका, जड पोलादी सुई खाचा खरवडते. आणि लेबलाजवळ कोरलेला क्रमांक वहीत उतरवून घ्या. मुद्रण नेमकं कोणतं, हे जाणकार त्यावरूनच शोधतात.