विंचू उतरला की उतरवला?

ज्यांना पेण ते रोहा प्रवासात रेंज मिळत नाही आणि ज्यांना कानांपेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी ही नेहमीप्रमाणे लिखित प्रत. बोलले तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' थोडे छाटलेत.

आजचा विषय आहे विंचू. त्यातही एक प्रश्न: एखादा उपचार खरंच काम करतो, हे ठरवायचं कसं?

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण त्याचा मुक्काम बहुतेक वेळा आपल्याकडेच असतो. जांभ्या दगडाचा गडगा, कौलाखालची फट, पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली फाटी, वीटभट्टीवरचा विटांचा ढीग. दसरा-दिवाळीच्या सुमारास भात झोडून पेंढा घराकडे आणला की त्याच्यासोबत हेही पाहुणे येतात. आपल्याकडे ज्याला घाबरायचं तो मोठा काळा विंचू नव्हे. दिसायला दांडगा तो, पण जिवावर उठतो तो लहानसा लालसर विंचू.

आता एक हिशोब करू. समजा एका वाडीत वर्षभरात दहा जणांना विंचू चावला. दहाही जण भगताकडे गेले. त्याने मंत्र म्हटला, अंगारा लावला, आणि नऊ जण दुसऱ्या दिवशी कामाला गेले. वाडीत काय बोललं जाणार? 'याच्या हाताला गुण आहे, विंचू उतरवतो.' पुढच्या वाडीत कुणी कांदा चोळला, तिथेही बहुतेक सगळे बरे झाले. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरने ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं, तिथेही तेच. मग मंत्रही खरा, कांदाही खरा आणि इंजेक्शनही खरं?

नाही. हे दहा आणि नऊ मी समजावण्यासाठी घेतलेले आकडे आहेत, पण मुद्दा खरा आहे. विंचू चावलेल्यांपैकी बरेच जण काहीही न करता बरे होतात. विंचू आपला आपण उतरतो. त्यामुळे त्या वेळी जो कोणी शेजारी बसलेला असतो, त्याला श्रेय मिळतं. प्रश्न त्या दहाव्या माणसाचा आहे. तो कोण, हे आधी ओळखता येईल का? आणि ओळखलं तर त्याच्यासाठी काय करायचं?

या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आपल्याच जिल्ह्यात सापडली. हायवेने वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव करत खाली गेलात की महाड लागतं. १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मूळचे जालना जिल्ह्यातले, नागपूरला शिकलेले. पुढे २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण आपण त्याच्या खूप आधीची गोष्ट बोलतोय. विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि लहान मुलं डोळ्यांदेखत दगावत होती. चावल्यानंतर काही तासांत धाप लागायची, खोकल्यातून फेस यायचा. फुप्फुसात पाणी भरायचं.

विंचू चावल्यावर फुप्फुसात पाणी भरतं, हे डॉक्टरांना अगदीच माहीत नव्हतं असं नाही. पण उपचारात मेळ नव्हता. कुणी स्टिरॉइड द्यायचं, कुणी ॲलर्जीचं औषध, कुणी गुंगीच्या औषधांचं मिश्रण. प्रत्येकाकडे 'माझ्याकडे बरे झालेले' पेशंट होतेच. वरचा हिशोब आठवा. दवाखान्यातही तोच चकवा होता.

बावस्करांनी त्या वेळी केलेलं काम ऐकायला फार साधं वाटतं. पेशंटजवळ बसायचं, नाडी-रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजायचा आणि वेळेसकट लिहून ठेवायचं. कोण वाचलं, कोण गेलं, आणि जे गेले त्यांच्यात सुरुवातीला काय दिसलं होतं? १९८२ मध्ये त्यांची ही निरीक्षणं 'लॅन्सेट' या जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. धोक्याच्या खुणा त्यात होत्या: उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार पडणं आणि पुरुषांमध्ये, अगदी लहान मुलग्यांमध्येही, लिंगाला आपोआप ताठरता येणं. शेवटचं ऐकून हसू नका. ते लक्षण लाजेपोटी सांगायचं राहिलं, तर जिवावर बेतू शकतं.

आणि यात एक उलटी गंमत आहे. ज्याला चावल्याजागी भयंकर कळा येतात, जो 'मेलो मेलो' म्हणून घर डोक्यावर घेतो, पण हातपाय गरम आहेत, घाम-उलटी नाही, तो बहुधा सुखरूप असतो. जो फारसा ओरडत नाही, पण घामाने भिजलाय आणि ज्याचे हात बर्फासारखे लागतात, धोका त्याला आहे. आपण मात्र घरी ओरडणाऱ्याकडेच धावतो.

असं का होतं? शेतावरचा पंप डोळ्यांसमोर आणा. विंचवाचं विष नसांना चेतवतं. त्या थांबायचं नाव घेत नाहीत आणि शरीरात ॲड्रिनलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळतात. म्हणजे पंप जोरात चालू आहे आणि पुढचा पाइप कुणीतरी पायाने दाबून धरलाय. म्हणून रक्तदाब चढतो, हातपाय गार पडतात. हृदय थकतं, मागे दाब वाढतो आणि पाणी फुप्फुसात शिरतं. हे एकदा कळलं की ॲलर्जीच्या औषधाचा उपयोग का नाही, ते समजतं. मुळात ही ॲलर्जीच नाही!

मग पाइपवरचा पाय काढायचा कसा? बावस्करांनी आधी रक्तवाहिन्या सैल करणारं एक औषध सलाईनमधून दिलं. त्याचा उपयोग झाला, पण त्यावर मिनिटामिनिटाला लक्ष ठेवावं लागायचं. आडगावच्या केंद्रात ते कुठून जमणार? पुढे त्याच दशकात त्यांनी प्राझोसिन वापरायला घेतलं. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. ती नेमक्या त्या आवळलेल्या वाहिन्या मोकळ्या करते. गंभीर पेशंटमध्ये आधी १०० पैकी ३० ते ४० जण दगावत, ते प्रमाण प्राझोसिननंतर १ च्या आसपास आलं.

आता इथे माझ्यातली शंकेखोर बाई जागी होते. ही तुलना 'आधी' आणि 'नंतर'ची आहे. मधल्या काळात रस्ते सुधारले असतील, लोक लवकर येऊ लागले असतील. मग श्रेय गोळीचं किती? एवढी मोठी घट नुसत्या रस्त्यांनी होणार नाही, हे मान्य. पण दोन उपचारांत फरक लहान असेल तर असा अंदाज पुरत नाही.

असाच प्रश्न पुढे आला. मुंबईच्या हाफकिनने लाल विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे प्रतिविष, तयार केलं होतं. प्राझोसिन असताना त्याची गरज आहे का? दोन्ही बाजूंनी मतं होती. मतांवर न थांबता डॉ. हिम्मतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्ये रीतसर चाचणी घेतली. २०११ मध्ये ती 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. त्यात विष अंगभर पसरल्याची लक्षणं असलेले ७० पेशंट होते. कुणाला काय मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हतं, चिठ्ठी टाकावी तसं ठरत होतं. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष.

चिठ्ठी कशाला? कारण मर्जीवर सोडलं की डॉक्टर नकळत जास्त आजारी माणसाला नवं औषध देतो, किंवा नेमकं उलट करतो. मग दोन गटांची तुलनाच उरत नाही.

'म्हणजे काही पेशंटना औषधाविना ठेवलं?' हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. नाही. प्राझोसिन दोन्ही गटांना मिळालं. जे चांगलं आहे हे माहीत होतं, ते कुणाचंच काढून घेतलं नाही. जे खरंच माहीत नव्हतं, तेवढंच तपासलं.

निकाल असा: १० तासांनी, प्रतिविष मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण पूर्ण बरे होते. नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. दुसऱ्या गटातल्यांना बरं व्हायला सरासरी जवळपास १८ तास लागले, पहिल्या गटातल्यांना सुमारे ८.

मर्यादाही सांगते. ७० हा आकडा लहान आहे. रुग्णालय एकच. कुणाला काय दिलंय हे डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही माहीत होतं. आणि हे पेशंट फुप्फुसात पाणी भरण्याआधीच्या टप्प्यातले होते. म्हणून यातून 'प्राझोसिन नको' असा अर्थ काढायचा नाही. जिथे प्रतिविष नाही, तिथे ती गोळी आजही जीव वाचवते.

आता तुमच्या कामाचं. विंचू चावला तर मोबाइलवर आधी वेळ बघा आणि लक्षात ठेवा. डॉक्टर तेच पहिलं विचारतील. जागा कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. हातपाय गार आहेत का, घाम आहे का, उलटी झाली का, हे बघा. यातलं एकही असेल, किंवा पेशंट लहान मूल असेल, तर थेट सरकारी रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा. काहीच लक्षण नसलं तरी दाखवून घ्या, कारण गार पडणं नंतरही सुरू होऊ शकतं. प्राझोसिनची गोळी मेडिकलमधून आणून स्वतःच देऊ नका. तिने रक्तदाब एकदम खाली येतो, तिच्यावर लक्ष ठेवायला माणूस लागतो. भगताला बोलावण्यावरून घरच्यांशी भांडत बसू नका. आजीला म्हणा, 'मंत्र गाडीत म्हणू या.' वेळ वाचतो आणि आजीही दुखावत नाही.

आणि पुढच्या वेळी ग्रुपवर 'हा उपाय करून शंभर टक्के बरे झाले' असा फॉरवर्ड आला, मग तो विंचवाचा असो, डेंग्यूचा किंवा डायबेटिसचा, तर खाली एवढंच लिहा: कुणाच्या तुलनेत? हा उपाय न केलेले किती बरे झाले? ग्रुपवर दोन दिवस शांतता पसरते, स्वानुभव आहे.

या भागात इतकंच. तुमच्या गावात विंचू 'उतरवायची' कुठली पद्धत आहे, ते नक्की कळवा. आणि उद्या सकाळी बूट घालण्याआधी एकदा झटकून घ्या. भेटू पुढच्या भागात!