पोटाचा घेर आणि पुरुषांचे मौन



आमचा व्यवसाय हमालांची संघटना बांधण्याचा. हिंगोलीच्या मोंढ्यात या दिवसांत हळदीच्या राशी पडतात. पोते उचलणारी पाठ थकली की सारे घरच थकते. म्हणून शरीरशास्त्राचे चार धडे आम्हांस पुस्तकांतून गिरवावे लागले.

पुरुषाच्या वृषणांत टेस्टोस्टेरॉन नावाचे संप्रेरक तयार होते. १९३५ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी ते बैलाच्या वृषणांतून वेगळे काढले. ते घटले की कामेच्छा मंदावते एवढेच लोक जाणतात. परंतु त्यासोबत स्नायू झिजतात आणि पोटावर मेद चढतो. रक्तातील साखर मुख्यत्वे स्नायूच खर्च करतात. तेव्हा मधुमेहाची वाट मोकळी होते. उलट, हा मेदच त्या संप्रेरकाचे स्त्री-संप्रेरकात रूपांतर करतो. असे हे दुष्टचक्र आहे.

कोणी म्हणेल, आम्ही तर सडपातळ! पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्रज डॉक्टर जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली प्रसिद्ध झाली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण अंगातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के. तेव्हा काट्यावर विसंबू नका, कमरेला फीत लावा.

मग सुई टोचून घ्यावी काय? ऑस्ट्रेलियात पोट सुटलेल्या, साखर वाढू लागलेल्या पुरुषांवर प्रयोग झाला. निष्कर्ष २०२१ साली आले. आहार-व्यायाम सर्वांनाच होता. दोन वर्षांनी नुसत्या पाण्यासारखी सुई घेतलेल्यांत २१ टक्क्यांना मधुमेह आढळला, टेस्टोस्टेरॉन घेतलेल्यांत १२ टक्क्यांना. मात्र या दुसऱ्या गटात पाचांपैकी सुमारे एकाचे रक्त प्रमाणाबाहेर दाट झाले. शिवाय या सुईने शुक्रजंतू घटतात. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीवाचून ती घेऊ नये. आणि भिंतीवरच्या जाहिरातींतील ‘मर्दानगी’च्या पुड्यांना तर हातही लावू नये.

शिकागोत तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तर त्यांचे संप्रेरक १० ते १५ टक्क्यांनी उतरले, असे २०११ साली दिसले. म्हणजे झोप ही चैन नव्हे, ती कामगाराची मागणी आहे! १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाच्या मजुरीला संरक्षण दिले. त्याच्या विश्रांतीसाठी आणि वार्षिक तपासणीसाठी आता आपणच भांडले पाहिजे.

बंधूंनो, सततचा थकवा, सुटलेले पोट, मावळलेली इच्छा यांत लाजण्यासारखे काही नाही. उपाशीपोटी साखर तपासा. डॉक्टरांनी सांगितल्यास सकाळच्या रक्तात हे संप्रेरकही दोनदा तपासून घ्या. पगारासाठी आपण मालकापुढे तोंड उघडतो. प्रकृतीसाठी डॉक्टरपुढे का उघडू नये?