पोरीचा नोकरीचा बायोडाटा

शेंगा फोडत, भांडी घासत ऐकत असाल तर हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आम्ही गटातल्या बायका बायोडाटाविषयी बोलणार आहोत.

बायोडाटा म्हटलं की आपल्याला लग्नाचाच आठवतो. वर गणपती, खाली उंची, रंग, रास, मामाचं कूळ. पण नोकरीचा बायोडाटा वेगळा असतो. त्यात पोरगी दिसते कशी हे नको असतं, तिला येतं काय हे हवं असतं.

आमच्याच गटातल्या एका ताईंची मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज सुटल्यावर अर्धा दिवस काम मिळालं तर बसपास आणि परीक्षा फी सुटेल, एवढाच तिचा हिशेब. तालुक्याच्या गावी एका कॉम्प्युटर सेंटरवर तिने बायोडाटा करून घेतला. तिथल्या मुलाने आधीचीच कुणाची तरी फाइल उघडली, नाव बदललं आणि छापून दिली. त्यात लिहिलं होतं, ‘इंग्रजी उत्तम, छंद क्रिकेट, अनुभव नाही’. पोरीने वाचलं, पण छापलेलं आहे म्हणजे असंच लागत असेल असं तिला वाटलं.

मुलाखतीत साहेबांनी इंग्रजीतून दोन प्रश्न विचारले. ही गप्प. मग क्रिकेटचं विचारलं. पुन्हा गप्प. घरी आली ती न जेवता झोपली. “मला काहीच येत नाही,” एवढंच म्हणाली.

शनिवारच्या बैठकीत ताईंनी हे सांगितलं. आम्ही सगळ्या हळहळलो. तेवढ्यात आमच्यातली एक म्हातारी बाई म्हणाली, “काहीच येत नाही? मग तीन वर्षं आपली वही कोण लिहितंय?”

खरंच की! अकरावीला असल्यापासून ती पोरगी आमच्या 12 जणींची बचत, कर्ज, व्याज, हप्ते लिहिते. महिनाअखेरीला रोकड आणि वही जुळवते. बँकेत स्लिप भरते. आणि आम्ही ते सगळं तिचा अनुभव धरलाच नव्हता. घरातल्या पोरीने केलेलं काम आपण कामात मोजतच नाही. चूक सेंटरवाल्याची होती, तशी आमचीही होती.

मग आम्ही तिच्याबरोबर बसलो आणि कागद नव्याने केला. एकच पान. सगळ्यात वर नाव, दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे अगदी तसंच. गाव, तालुका, फोन. फोन वडिलांचा असेल तर घरी सांगून ठेवायचं, नाहीतर बोलावणं येतं आणि फोन शेतात असतो. मग शिक्षण, आताचं सगळ्यात वर, जुनं खाली. एमएस-सीआयटी, टायपिंग केलं असेल तर ते लिहायचं. त्याखाली अनुभव, आणि तो आकड्यांत. ‘हिशेबाची आवड’ असं नाही, तर ‘बचत गटाच्या 12 सभासदांचे हिशेब 3 वर्षांपासून लिहिते’. भाषा लिहिताना खरं लिहायचं: मराठी, हिंदी चांगली, इंग्रजी वाचता येते, बोलण्याचा सराव सुरू आहे. शेवटी ओळखीच्या दोन माणसांची नावं, त्यांना विचारूनच. तिने कॉलेजच्या सरांचं आणि आमच्या गटाच्या अध्यक्षांचं दिलं.

जात, रंग, वडिलांची जमीन यांचं तिथे काम नाही. आधार नंबरही बायोडाटावर घालू नका. तो कागद किती हातांतून जाईल सांगता येत नाही.

बायोडाटासोबत एक छोटं पत्रही लागतं. त्यात कुठलं काम हवं, आपल्याला त्यातलं काय येतं आणि कधी येऊ शकतो, एवढंच लिहायचं. तिने लिहिलं: ‘आपल्या दुकानात हिशेब लिहिण्यासाठी मुलगी हवी आहे असे समजले. मी बी.कॉम. शिकत असून बचत गटाचे हिशेब 3 वर्षांपासून लिहिते. कॉलेजनंतर दुपारी 1 वाजल्यापासून रोज येऊ शकते.’ ‘घरची गरिबी आहे, कृपा करा’ असं लिहू नका. पोरगी काम मागते आहे, भीक नाही. आणि प्रत्येक ठिकाणचं पत्र वेगळं. किराणा दुकानाचं पत्र दवाखान्यात चालत नाही.

नोकरी लावतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

पुढे काय झालं विचाराल. एका ठिकाणी नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी, बी-बियाण्यांच्या दुकानात, मालकांनी वही घेऊन यायला सांगितलं. गटाची परवानगी घेऊन तिने ती नेली, आणि विचारलं त्याचं न अडखळता सांगितलं. आता दुपारी ती तिथे बिलं लिहिते.

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत एक करा. गटातल्या प्रत्येक शिकत्या पोरीला विचारा, वर्षभरात काय काय केलंस? फॉर्म भरून दिले, लहानांची शिकवणी घेतली, शिलाई केली, दुधाचा हिशेब ठेवला, सगळं एका कागदावर लिहून घ्या. तिला सुचणार नाही ते तुम्ही सांगा, कारण पाहिलं आहे ते तुम्हीच.