ट्रॉम्बेचा कोळसा, तारापूरची वीज



अणुशक्तीनगरवरून रोज ये-जा करणाऱ्या कितीतरी मुंबईकरांची अशी समजूत असते, की डोंगरापलीकडे अणुभट्ट्या आहेत म्हणजे आपल्या घरची वीज तिथूनच येत असणार. ती तिथून येत नाही. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेत 'अप्सरा' सुरू झाली. सोव्हिएत रशिया सोडला तर आशियातली ती पहिली अणुभट्टी. १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीने 'सायरस' आली, १९८५ मध्ये आपल्याच लोकांनी उभारलेली 'ध्रुव'. या तिन्ही संशोधनाच्या भट्ट्या. त्यांनी कर्करोगावरच्या उपचारांसाठी समस्थानिकं दिली, अभियंत्यांच्या दोन-तीन पिढ्या घडवल्या. पोखरणच्या १९७४ च्या स्फोटातलं प्लुटोनियमही सायरसमधलंच होतं. पण मुंबईला त्यांनी एक युनिट वीज दिलेली नाही.

ट्रॉम्बेत वीज तयार होते ती त्याच किनाऱ्यावरच्या टाटांच्या औष्णिक केंद्रात, समुद्रमार्गे आणलेल्या कोळशावर आणि काही प्रमाणात वायूवर. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, खतांचा कारखाना, आणि मध्ये माहुलची वस्ती. देशातलं सर्वांत मोठं अणुसंशोधन केंद्र आणि भर शहरातलं कोळशाचं वीजकेंद्र एकाच किनाऱ्यावर नांदतात, आणि शहराला वीज देतो तो कोळसा. असं का, हा आजचा माझा विषय आहे.

उन्हाळ्यात मुंबईची विजेची मागणी ४,००० मेगावॉटच्या वर जाते. दुपारी कार्यालयांमुळे जाते हे खरंच, पण मे महिन्यातल्या दमट रात्री घरोघरचे एसी पहाटेपर्यंत चालू असतात आणि मागणी म्हणावी तशी उतरत नाही. सौरऊर्जा आज स्वस्त आहे, झपाट्याने उभी राहते, आणि ती जितकी वाढवता येईल तितकी वाढवलीच पाहिजे. याबाबत माझ्या मनात शंका नाही. प्रश्न उरतो तो सूर्य मावळल्यानंतरचा. घाटघरसारख्या उदंचन प्रकल्पात दुपारची वीज वापरून पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि संध्याकाळी सोडून वीज करायची, हा उत्तम मार्ग. पण घाटघरची क्षमता २५० मेगावॉट, आणि तीही काही तासांचीच. म्हणून अणुवीज हवी ती रात्रपाळीला. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही तेव्हाही हवी. अणुभट्टी अशी अखंड चालू शकते: कारवारजवळच्या कैगा केंद्रातली पहिली भट्टी २०१८ च्या अखेरीस देखभालीसाठी थांबवली, तेव्हा ती सलग ९६२ दिवस चाललेली होती.

आता इंधनाकडे जरा जवळून बघू. तारापूरच्या अणुवीज केंद्रातल्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीत जे इंधन जातं, ती ३७ बारीक नळ्यांची, अर्धा मीटर लांबीची एक जुडी असते. नळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या, आत युरेनियमच्या भाजलेल्या गोळ्या. नवी जुडी हाताळायला फारशी धोक्याची नसते. भट्टीतून बाहेर आलेल्या जुडीजवळ मात्र माणसाला उभंही राहता येत नाही, ती वर्षानुवर्षं पाण्याखाली ठेवावी लागते. भट्टी न थांबवता यंत्र एका टोकाने नवी जुडी आत सरकवतं आणि दुसऱ्या टोकाने जुनी काढून घेतं. यातल्या एक किलो नैसर्गिक युरेनियममधून ढोबळमानाने ४५ ते ५० हजार युनिट वीज मिळते. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला ती वीसेक वर्षं पुरावी. तेवढ्याच विजेसाठी आपल्याकडचा कोळसा तीस टनांच्या आसपास जाळावा लागतो, आणि त्याची राख उरते ती वेगळीच. आंतरसरकारी हवामानबदल मंडळाने २०१४ मध्ये दिलेला अंदाज असा: खाणीपासून शेवटपर्यंतचा हिशोब धरला तर कोळशाच्या एका युनिटमागे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, अणुविजेच्या एका युनिटमागे १२.

राहिलेल्या कचऱ्याचं काय, हा प्रश्न कोणीही विचारावा, आणि तो टाळू नये. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं करायचं काम ट्रॉम्बेत साठच्या दशकातच सुरू झालं. त्यातून उरणारा जहाल किरणोत्सारी द्रव काचेत वितळवून पोलादी डब्यांत बंद करतात आणि ते डबे तारापूरला हवेने थंड राहणाऱ्या तळघरांत ठेवतात. ट्रॉम्बेच्याच भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांनी याच द्रवातून सिझियम-१३७ वेगळं काढून त्याच्या काचेच्या पेन्सिली केल्या. रुग्णाला द्यायच्या रक्तावर किरणांचा मारा करणाऱ्या यंत्रांत त्या बसवतात. मला या कामाचं फार अप्रूप आहे. पण हजारो वर्षं टिकणाऱ्या उरलेल्या अंशासाठी खोल भूगर्भातली कायमची जागा आपल्याकडे अजून तयार नाही, हेही मी इथे स्पष्ट सांगतो.

मग इतकं असूनही २०२५ मध्ये देशाची अणुवीज क्षमता ८,८८० मेगावॉट, आणि एकूण विजेत वाटा सुमारे तीन टक्के, असं का? एक कारण इंधनाचं. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांना समृद्ध युरेनियम लागतं. पोखरणनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला आणि आपण ते फ्रान्स, चीन, रशिया असं फिरून मिळवत राहिलो. दुसरं कारण वेळेचं आणि पैशाचं. जैतापूरला माडबनच्या सड्यावर ९,९०० मेगावॉटचा प्रकल्प ठरला, त्याचा करार २०१० चा. त्याच जातीची भट्टी फ्रान्सने फ्लामाँव्हिल येथे २००७ मध्ये बांधायला घेतली आणि ती ग्रिडला जोडली गेली २०२४ च्या डिसेंबरात. आपल्या देशी भट्ट्याही वेळेत होत नाहीत. काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचं बांधकाम २०१० मध्ये सुरू झालं, व्यापारी वीज मिळाली २०२३ मध्ये. तरी माझं मत देशी ७०० मेगावॉटच्या भट्टीलाच आहे. तिला नैसर्गिक युरेनियम चालतं, आणि एक बांधताना शिकलेलं पुढच्या बांधणीत कामी येतं. २०४७ पर्यंत १,००,००० मेगावॉट, हे फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पातलं उद्दिष्ट मला अवाढव्य वाटतं. त्याच्या निम्मं झालं तरी मोठं काम होईल.

तिसरं कारण माणसांचं आहे, आणि सरकारी आराखड्यांत ते नेहमी शेवटी येतं. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली. तिथल्या लोकांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. त्यांनी मच्छीमारीचा किनारा सोडला आणि वीज मात्र शहरांना गेली. जैतापूरजवळच्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांना तारापूरची ही कथा तोंडपाठ होती. २०११ च्या मार्चमध्ये फुकुशिमा घडलं, एप्रिलमध्ये जैतापूरच्या आंदोलनावर गोळीबार होऊन एक जण मारला गेला. त्या लोकांना विज्ञान कळत नव्हतं, असं म्हणणं मला मान्य नाही. त्यांनी शेजारच्या जिल्ह्याच्या पलीकडे काय झालं ते पाहिलेलं होतं.

छोट्या, २०० मेगावॉटच्या नव्या भट्टीचा आराखडा ट्रॉम्बेत तयार होतो आहे आणि पहिली भट्टी तारापूरच्याच आवारात उभारायचा विचार आहे. ती व्हावी, असं मला मनापासून वाटतं. मात्र तिच्या खर्चाचा पहिला हप्ता देण्याआधी पोफरण-अक्करपट्टीचे उरलेले सगळे दावे मिटवावेत, किनाऱ्यावरच्या पाण्याची आणि मासळीची मोजमापं दर महिन्याला मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावीत, आणि ती मोजणारी संस्था भट्टी चालवणारी नसावी. त्या विजेचा वाटा मुंबईत आणायला वाहिन्याही लागतील. बाहेरची वीज आत आणायची वाट अपुरी आहे, म्हणून तर ट्रॉम्बेतला कोळसा अजून जळतो आहे. ती वाट रुंद केली, की कोळशाचा संच बंद करायची तारीख ठरवा, आणि ती माहुलच्या लोकांना आधी सांगा.