आघातप्रसंगीची शुश्रूषा आणि आपल्या मुली
(चारठाणा येथील ज्ञातिसंमेलनातील भाषण)



आपल्या चारठाण्याच्या प्राचीन मंदिरांचा अभिमान आपणां सर्वांस आहेच. आज मात्र आम्ही आपले लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधू इच्छितो.

रस्त्यावर वाहन उलटते, मळणीयंत्रात हात सापडतो, शेतात एखाद्यास पान लागते, फवारणी करताना विषबाधा होते. अशा वेळी जिंतूर आणि पुढे परभणी गाठावी लागते. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका मिळू लागली. 2023 साली परभणीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. ही सोय मोठीच आहे. परंतु रुग्णालयाच्या दारी जखमीस प्रथम हात लागतो तो बहुधा परिचारिकेचाच.

तिचे काम केवळ पट्टी बांधण्याचे नव्हे. श्वासमार्ग मोकळा आहे काय, श्वास चालतो काय, रक्त कोठून जाते, हे ती क्रमाने पाहते. मणक्यास इजा झाल्याची शंका असेल तर मान हलू देत नाही. एकाच वेळी अनेक जखमी आले, तर प्रथम कोणाकडे जावे हेही तिला ठरवावे लागते. जो मोठ्याने ओरडतो त्याचा श्वास तरी चालू असतो. निपचित पडलेल्याकडे तिचे पाऊल आधी वळते. ही दृष्टी उपजत नसते. ती शिक्षणाने येते.

बारावीनंतर परिचर्येच्या पदवीस चार वर्षे, मग एक वर्षाचा अनुभव आणि त्यापुढे पदव्युत्तर पदवीची दोन वर्षे, असा हा मार्ग आहे. पदव्युत्तर अभ्यासात अतिदक्षता परिचर्येची शाखा घेता येते. ज्यांस इतका काळ देणे शक्य नाही, त्यांच्यासाठी आपत्कालीन व आपत्ती परिचर्येची एक वर्षाची पदविकाही आहे. ऑस्ट्रेलियासारख्या देशात तर आपत्कालीन परिचर्या या एकाच विषयाची पदव्युत्तर पदवी मिळते.

आता मनातले बोलतो. अठराव्या वर्षी निघालेली मुलगी हे शिक्षण संपवीपर्यंत पंचविशीत येते. रात्रपाळी, परक्या पुरुषाची शुश्रूषा आणि लांबणारे लग्न, या तीन गोष्टींपाशी आपली घरे अडतात. मुलगी पदवीधर झाली की पुरे, असे आम्हीही एके काळी म्हणत होतो. त्याचा आज आम्हांस खेद वाटतो. स्वतःचा मुलगा जखमी झाला, तर रात्री दोन वाजता जागी असलेली शिकलेली परिचारिका आपणांस हवीच असते. मग ती दुसऱ्याचीच मुलगी का असावी?

पुण्यात 1909 साली सेवासदन स्थापन झाले. रमाबाई रानडे यांनी तेथून स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले. त्या काळचा लोकापवाद आजच्याहून कितीतरी कठोर होता. त्यांनी वाट पाडली. आपणांस केवळ तिच्यावरून चालावयाचे आहे.

म्हणून संस्थेच्या चालकांस आमची विनंती आहे, की वैद्यक व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस जसे साहाय्य मिळते, तसेच परिचर्येच्या पदव्युत्तर विद्यार्थिनीसही मिळावे. आणि पालकांस प्रार्थना आहे, की मुलीने आणखी दोन वर्षे मागितली, तर ती आनंदाने द्यावी.